डबल बेल

परळ
१२ जानेवारी २०२४

चि. मनालीस सप्रेम जय भीम.

तुझं पाकीट मिळालं. छापील कागद जास्त आणि तुझ्या अक्षरातली पानं कमी, तरी बरं वाटलं. फोनवर मला आता अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. मागे तू 'प्रबंध झाला' म्हणालीस आणि मी 'संबंध जमला' ऐकून शेजारच्या शांताला पेढे देऊन आले. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुमच्या कुत्र्यांच्या कॅन्सरच्या अभ्यासात आपला डबल कुत्रा 'कंट्रोल' म्हणून पाहिजे, असं तू लिहितेस. आमच्या पिढीला कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. शांताला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "काय गो, कुत्र्याचा पण रेशनकार्ड काढतत?" पुढची पानं वाचल्यावर कळलं की आजारी कुत्र्यांशी ताडून बघायला तुम्हाला एक धडधाकट म्हातारा कुत्रा लागतो. मग डबल चालेल. अकरा वर्षांचा आहे. दात पिवळे झालेत, पण चाळ पाडल्यावर दिलेली ही ट्रान्झिटची बिल्डिंग सहा मजले चढतो. लिफ्ट बंद असली की माझ्या आधी वर पोचतो आणि मला उशीर झाल्यासारखा दारातून बघत बसतो.

त्याचं नाव असं का, ते लिहायला तुझ्या कागदात जागा नाही. इथे लिहिते. तुझे मामा बेस्टमध्ये कंडक्टर. वडाळा डेपोत उभ्या बसखाली हे पिल्लू सापडलं. बसमध्ये दोरी ओढून एक बेल दिली की थांब, दोन दिल्या की चल. मामा घरी जेवताना ताटावर चमचा एकदा वाजवत, की हा बसायचा. दोनदा वाजवला की दाराकडे पळायचा. म्हणून डबल.

रक्त घ्या. पण एक विचारते. माणसाच्या आजाराचं उत्तर कुत्र्यात कशाला शोधता? इथे माणसं कमी पडली का? इथल्या कॅन्सर हॉस्पिटलच्या फुटपाथवर बिहारपासून साताऱ्यापर्यंतची माणसं फायली उशाला घेऊन झोपलेली असतात. मामांच्या आजारात मी रोज त्यांच्यातून वाट काढत जात होते. ते जाऊन सहा वर्षं होतील, पण बाजारात जाताना मी अजून पलीकडच्या फुटपाथने जाते.

तुझी
शेवंतीमामी


हैदराबाद
२५ जानेवारी २०२४

मामी, जय भीम.

पेढे परत मागून आण. संबंध जमायचा आहे.

तुझा प्रश्न आमच्या सरांनाही विचारतात, फक्त इतका सरळ कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेत आम्ही उंदरांना कॅन्सर मुद्दाम देतो. कुत्र्याला तो आपणहून होतो, आपल्यासारखाच, बहुतेक उतारवयात. तो आपल्या घरात राहतो, आपल्या नळाचं पाणी पितो, आपल्या स्वयंपाकाचा धूर आणि रस्त्याची धूळ त्याच्याही छातीत जाते. त्याच्या पेशींत जी जनुकं बिघडतात त्यांतली कितीतरी आपल्यातही तीच आहेत. आणि त्याचं आयुष्य लहान. माणसात जे कळायला दहा वर्षं लागतील ते त्याच्यात वर्ष-दोन वर्षांत दिसतं. त्याला औषध द्यायचं ते त्याच्या आजारावर, म्हणजे त्यात त्याचाही थोडा फायदा असतो.

जातिवंत कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आपसातच जुळवलेली असतात. त्यामुळे काही जातींत तेच तेच आजार फिरून येतात आणि जनुकातली चूक शोधणं सोपं जातं. गावठी कुत्र्यांत सगळं मिसळलेलं असतं. म्हणूनच ताडून पाहायला डबल हवा.

आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तुझ्या घरी होते. मी हे काम का धरलं ते तुला वेगळं सांगायला नको. परळला आमच्या अभ्यासाचं काम डॉ. नम्रता बघतात. त्या वेळ ठरवून कळवतील.

तुझी
मनाली


परळ
१० फेब्रुवारी २०२४

चि. मनाली,

जातिवंतांना आजार जास्त, हे वाचून खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मामा असते तर डेपोत पत्र वाचून दाखवलं असतं आणि वर भाषण दिलं असतं.

काल डबलला घेऊन जनावरांच्या हॉस्पिटलात गेले. त्या हॉस्पिटलला आम्ही अजून बैलघोडाच म्हणतो. नम्रता डॉक्टर तरुण आहेत, हात हलका आहे. त्यांनी पायातून रक्त घेतलं आणि मला म्हणाल्या, "आजी, मान धरा." मी मान धरली. जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढं काही लागलं. मी हात काढला नाही. दाढी करताना मामांच्या हाताला जिथे लागलं होतं तीच जागा.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाल्या.

"काही नाही. मान धरलीय."

मग सांगितलं. त्यांनी चाचपून बघितलं, मागच्या पायांपाशीही बघितलं आणि बोलायच्या थांबल्या. मला ते थांबणं माहीत आहे. सुईने गाठीतलं पाणी काढून घेतलंय. तुला कंट्रोल दुसरा शोधावा लागेल असं दिसतं.

एक मनात येतं ते लिहून टाकते. आधी तुझी आई, मग तिचा भाऊ, आता त्याचा कुत्रा. जुन्या चाळीच्या नळात काही होतं का? की माझ्या स्टोव्हच्या धुरात? तू शिकलेली आहेस. खरं असेल ते सांग.

शेवंतीमामी


हैदराबाद
२२ फेब्रुवारी २०२४

मामी,

रिपोर्ट आला. लिम्फोमा आहे, म्हणजे लसीका गाठींचा कॅन्सर. मामांना होता त्याच घराण्यातला. आईचा वेगळा होता.

हा आजार मामांकडून डबलला लागलेला नाही आणि डबलकडून कुणाला लागणार नाही. नळाचं आणि धुराचं म्हणशील तर एका घरावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तुझ्या स्टोव्हने हे केलं असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही.

आता दुसरं. डबलला अभ्यासात उपचार मिळू शकतात. दर आठवड्याला इंजेक्शन, पुढे पुढे अंतराने. माणसांना देतात त्याहून बेताने देतात, त्यामुळे बहुतेक कुत्र्यांना फारसा त्रास होत नाही. सुरुवातीला गाठीचा छोटा तुकडा घ्यायचा. बरा होतो असं मी म्हणणार नाही. बहुतेकांच्या गाठी विरघळतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षाने, परत येतात. परत आल्या की पुन्हा तुकडा घ्यायचा आणि मधल्या काळात पेशी काय शिकल्या ते बघायचं. माणसांतही तो परत येतो तेव्हाच हात टेकावे लागतात. आम्हाला शोधायचंय ते तेवढंच.

मला वाटतं आपण करावं. पण डबल तुझा आहे.

मनाली


परळ
४ मार्च २०२४

चि. मनाली,

गेल्या आठवड्यात धम्मपाल आला होता डोंबिवलीहून. ताटावर बसल्यावर मी सांगितलं. घास हातात तसाच ठेवून म्हणाला, "आई, कुत्र्याला किमो? लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "लोकांना विचारून आपण कधी काय केलंय?"

घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "बाबांच्या वेळी थांबव म्हणालीस. याचं चालू ठेवणार?"

मी त्याला आमटी वाढली. जेवला, डबलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. पोरगा वाईट नाही, मनाली. एका गोष्टीपाशी अडकलाय आणि त्या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला मी आहे.

मी चार दिवस विचार केला. डबल खातो आहे, पायऱ्या चढतो आहे, कावळ्यांवर भुंकतो आहे. त्याला अजून उतरायचं नाहीये. म्हणून हो म्हटलं आणि काल सही केली. सहीच्या खाली छापलंय 'मालक'. मामांच्या वेळी 'नातेवाईक' छापलेलं होतं, तिथे निदान हात अडला नव्हता. डॉक्टरांना म्हटलं, मी याची मालकीण नाही. त्या म्हणाल्या, "आजी, दुसरा रकानाच नाही."

माझी एक अट आहे. मी ज्या दिवशी एक बेल देईन त्या दिवशी थांबायचं. मग तुझा अभ्यास कुठेही आलेला असो. का, म्हणून विचारायचं नाही. हे तू स्वतःच्या हाताने लिहून पाठव.

शेवंतीमामी


हैदराबाद
१२ मार्च २०२४

मामी,

केव्हाही थांबता येतं, हे छापील कागदातही आहे. पण तुला माझ्या हाताचं हवं आहे.

एक बेल दिलीस की थांबायचं. का, म्हणून विचारायचं नाही. कबूल.

मनाली


परळ
२५ एप्रिल २०२४

चि. मनाली,

गाठी गेल्या. तिसऱ्या इंजेक्शनलाच हाताला लागेनात. मी रोज चाचपते, डबलला वाटतं लाड करतेय. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मलूल असतो, तिसऱ्या दिवशी केरसुणीशी भांडतो.

दमणूक माझीच होते. टॅक्सीवाले थांबत नाहीत. एकजण थांबला आणि म्हणाला, "कुत्ता नहीं बैठेगा." म्हटलं, "बैठेगा नहीं, खडा रहेगा." हसला आणि घेतलं. दर वेळी हसणारा भेटत नाही. ऊन फार आहे, चालवत नेलं तर त्याचे पाय भाजतात.

तिथल्या बाकावर ओळखी झाल्या. शिवाजी पार्कचे एक रिटायर्ड गृहस्थ येतात, सोबत पिवळा, केसाळ, बाळसेदार ब्रूनो. त्यालाही तोच आजार. मला विचारतात, "तुमच्याची जात कुठली?"

म्हटलं, "बेस्ट."

ते मान डोलावून म्हणाले, "हो हो, बेस्टच असणार," आणि मी पुढे काही समजावलं नाही. माणूस चांगला आहे. ब्रूनोला सुई टोचताना भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. परवा मला म्हणाला, बायको गेल्यावर घरात बोलायला हाच होता. मी म्हटलं, बोला तुम्ही, तो ऐकतोय.

माणसांच्या हॉस्पिटलातल्या बाकांवर आम्ही असे बोलत नव्हतो. तिथे सगळे दुसऱ्याच्या फाइलच्या जाडीकडे बघत बसायचे.

शांता विचारते, "कुत्र्याक पण तीच सुई?" तीच म्हटलं. तेव्हापासून ती त्याच्यासाठी बांगड्याचं डोकं बाजूला काढून ठेवते.

शेवंतीमामी


हैदराबाद
१० जून २०२४

मामी,

तुझी पत्रं मी इथे मोठ्याने वाचून दाखवते. 'जात बेस्ट' आता आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. सकाळी आल्या आल्या सर मला आधी डबल कसा आहे ते विचारतात.

एक सांगायचंय. डबलच्या गाठीच्या तुकड्यात जनुकातली एक चूक सापडली, आणि तीच चूक माणसांच्या याच आजारात आधी नोंदलेली आहे. एका कुत्र्यावरून काही ठरत नाही, हे मला कळतं. उद्या औषध निघेल असंही नाही. पण त्या दिवशी मी जेवायला विसरले. मामांच्या गळ्यात जे झालं त्याच्यासारखं काहीतरी मी पडद्यावर बघत होते, आणि पहिल्यांदाच ते मला नुसतं भीतीदायक वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात एका परिषदेत डबलचा फोटो दाखवला. सहाव्या मजल्यावरच्या दारात बसलेला. हॉलभर माणसं हसली. इतका चांगला प्रतिसाद देणारी कुत्री आमच्याकडे थोडीच आहेत. त्याला जप.

मनाली


परळ
१६ जुलै २०२४

चि. मनाली,

डबल ठीक आहे. खातो. पावसामुळे बाहेर जास्त नेत नाही. परिषदेचं वाचून आनंद झाला. शांताला सांगितलं.

तुझ्या सरांना नमस्कार.

शेवंतीमामी


हैदराबाद
२ ऑगस्ट २०२४

मामी,

तुझं एवढंसं पत्र बघूनच मला समजायला हवं होतं. नम्रताचा काल फोन आला. डबलचं वजन उतरलंय, गाठी परत आल्यात, आणि तू दोन वेळा त्याला घेऊन गेलीच नाहीस. मला तू 'खातो' असं लिहिलंस.

मी रागावले नाही. पण नीट वाच. दुसरं एक औषध आहे. पहिल्या औषधाचा गुण टिकला नाही तर ते देतात. सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना पडतं. डबल ताकदीचा आहे. आणि आत्ताच तर आम्हाला त्याच्याकडून शिकायचंय, कारण आजार परत आलाय. मी सरांशी बोलले, औषध इथून निघायला तयार आहे.

मामी, एवढ्यात एक बेल देऊ नकोस. मी शब्द दिलाय, मला आठवतोय. तरी विनवते.

आईच्या वेळी मला कुणी काही सांगितलं नाही. तू मला दादरला पुस्तकं घ्यायला नेलंस, आपण आलो आणि आई गेलेली होती. मला दार लावून घेतलेलं आवडत नाही. अजून एक औषध शिल्लक असताना थांबायचं म्हणजे मला परत पुस्तकांच्या दुकानात उभं केल्यासारखं वाटतं.

मनाली


परळ
११ ऑगस्ट २०२४

चि. मनाली,

'खातो' असं लिहिलं कारण तू जेवायला विसरली होतीस. इतका आनंद तुझ्या पत्रात मी कधी वाचला नव्हता. तो मोडायला हात उचलेना. आता सगळं खरं लिहिते.

डबल जूनच्या अखेरीपासून धड खात नाही. बांगड्याचं डोकं हुंगतो आणि माझ्याकडे बघतो. खाल्लं तर मी खूश होईन हे त्याला कळतं, म्हणून चाटून बाजूला ठेवतो. पायऱ्या चढत नाही. लिफ्ट बंद असली की मी आणि शांता त्याला चादरीत घालून वर आणतो, दर मजल्यावर थांबतो. शांता म्हणते, "आता हेका सोड गे बाये." मी तिच्यावर ओरडले. ती चादर सोडून गेली नाही.

तुझ्या आईचं. तुला दुकानात मी नेलं कारण तुझ्या आईनेच, चंपानेच, सांगितलं होतं, पोरीला घेऊन बाहेर जा. तू तिला तसं बघू नयेस, असं तिला वाटत होतं. बरोबर होतं का, मला आजही सांगता येत नाही. तेव्हा तुला काही लपवायचं नाही म्हणून मामांचं शेवटचंही सांगते. घरात ते आम्ही बोलत नाही.

शेवटी मामांच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी स्टीलचा चमचा मागून घेतला होता. पलंगाच्या दांडीवर एकदा वाजवला की नको, दोनदा वाजवला की हो, चालू द्या. वॉर्डातल्या नर्ससुद्धा शिकल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, अजून एक जोराचं औषध आहे, देऊ का? मामांनी एकदा वाजवलं. डॉक्टरांनी परत विचारलं. परत एकदाच. मी म्हटलं, थांबवा. धम्मपाल माझ्याशी तिथेच भांडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभे होतो. माझा हात दांडीवर होता. मामांनी डोळे उघडले आणि दोनदा वाजवलं. आवाजाच्या आधी माझ्या हाताला कळलं. धम्मपाल ओरडला, "बाबा हो म्हणाले!" आणि डॉक्टरांकडे पळाला. डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, पण चमचा परत उचलला गेला नाही. संध्याकाळी ते गेले.

धम्मपाल म्हणतो, बाबांचं मन बदललं होतं, त्यांना उपचार हवे होते. मी म्हणते, कंडक्टर डबल बेल कधी देतो? उतरणारे उतरले की. ते म्हणाले, माझं झालं, जाऊ द्या. सहा वर्षं आम्ही दोघं त्या दोन ठोक्यांवर अडून बसलोय. तो त्याचा अर्थ सोडत नाही, मी माझा. कोण बरोबर ते सांगणारा तिसरा माणूस नाही.

डबलला चमचा वाजवता येत नाही. मला त्याच्याकडे बघून ओळखायचंय. मी ओळखलं आहे. तुझं दुसरं औषध खरंच चांगलं असेल. पण ते आता तुमच्या कामाचं आहे, त्याच्या नाही. अर्थ काढायला तो नसेल, मी असेन, आणि मी आता दमले आहे.

मनाली, ही एक बेल.

शेवंतीमामी


हैदराबाद
१९ ऑगस्ट २०२४

मामी,

थांबू. औषध परत कपाटात ठेवलं. सरांना सांगितलं, ते म्हणाले, बरोबर आहे.

शब्द पाळते आहे हे सांगताना अजून एक मागायची लाज वाटते, तरी दार लावून घ्यायचं नाही असं मीच म्हटलं म्हणून मागते. तो गेल्यावर गाठीचा एक तुकडा मिळाला तर परत आलेल्या आजारात काय बदललं ते बघता येईल. जिवंतपणी त्याला कुणी हात लावणार नाही. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही.

त्याला कधी न्यायचं ते तू ठरव. मला आधी कळव. मी इथे असले तरी मला माहीत असू दे.

मनाली


परळ
१ सप्टेंबर २०२४

चि. मनाली,

शांताच्या फोनवरून तुला शुक्रवारी निरोप पाठवला तेवढाच. बाकीचं हे.

धम्मपालला मी बोलावलं नव्हतं. शांताने कळवलं. सकाळी दारात उभा. लिफ्ट बंद होती. त्याने डबलला दोन्ही हातांवर उचललं आणि सहा मजले उतरवलं, मला पुढे चालायला सांगितलं. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता. माझ्या कानांना ऐकू आला म्हणजे जोरात असणार. मध्ये एकदा म्हणाला, "काहीच वजन नाही गं याला." मी वळून बघितलं नाही.

बाकावर शिवाजी पार्कचे ते गृहस्थ नव्हते. विचारलं तर ब्रूनो जुलैतच गेला म्हणे.

नम्रता डॉक्टरांनी स्टीलच्या टेबलावर चादर घातली. डबलला निजवलं. त्यांनी आधी सगळं सांगितलं, काय करणार, किती वेळ लागेल, त्याला दुखणार नाही. मग विचारलं, "तयार आहात?"

मी त्याच्या कानामागे हात धरून उभी होते. डॉक्टर थांबल्या. तेव्हा धम्मपालने बोटातली अंगठी टेबलाच्या कडेवर वाजवली. दोनदा.

डबलचा कान उभा राहिला. त्याने मान उचलून दाराकडे बघितलं. मग डॉक्टरांनी सुई दिली.

गाठीचा तुकडा घेतला. बाटलीवर तुमच्या अभ्यासाचा नंबर होता. मी डॉक्टरांना त्याखाली डबलचं नाव लिहायला लावलं. मालकाच्या रकान्यात या वेळी धम्मपालने सही केली आणि ती छापील अक्षरं खोडून वर 'घरचे' लिहिलं. चालतं का ते तुम्ही बघा.

येताना टॅक्सी लालबागला अडकली. कुठल्यातरी मंडळाची मूर्ती येत होती, पुढे ढोल. आमच्या शेजारी बस उभी होती, नवी, थंडगार, काचा बंद. धम्मपाल बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "यात दोरी नसते ना आता?"

म्हटलं, "नसते."

"आई, कंडक्टर बेल कुणाला देतो?"

"ड्रायव्हरला. तो पुढे बसलेला असतो, त्याला मागचं दिसत नाही."

तो माझ्या मांडीवरच्या रिकाम्या चादरीची घडी नीट करत होता. मान वर न करता म्हणाला, "मग बाबांनी ती डॉक्टरांना दिली असं आपण का धरलं? डॉक्टर तर तिथे नव्हतेच."

ढोल चालू होते. मला ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं असेल, कारण त्याने माझा हात ओढून घेतला, त्या दिवशी पलंगाच्या दांडीवर होता तोच, आणि त्यावर बोटाने दोनदा वाजवलं.

मूर्ती पुढे सरकली. आधी बस निघाली, मग आमची टॅक्सी.

तुझी
शेवंतीमामी